अट क्रमांक नऊ

जुन्नरच्या एका वाचकाने गेल्या महिन्यात एका कार्यादेशाची प्रत पाठवली. काम लेण्याद्री परिसराच्या संकेतस्थळाचे: दोन भाषांत मजकूर, छायाचित्रे, चित्रफिती, गिरिजात्मजाच्या लेण्याची ३६० अंशांची सफर. काम चांगले, दरही बरा. अट क्रमांक नऊ मात्र अशी: मुखपृष्ठावर ‘फ्लॅश ॲनिमेशन’ असावे, संकेतस्थळ ‘इंटरनेट एक्सप्लोरर ८ व पुढील’ आवृत्तीत चालावे, पान उघडताच आरती वाजावी, आणि सर्व साहित्य दोन डीव्हीडींवर सादर करावे.

अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केले आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो प्लेयर स्वतःच काही दाखवायला नकार देऊ लागला. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निरोप दिला. आवाजासह आपोआप वाजणे क्रोमने २०१८ मध्येच रोखले, आयफोनने तर ते कधी चालूच दिले नव्हते. राहिली डीव्हीडी. तिच्यासाठी आमच्या वाचकाने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत घेतला, दोन तबकड्या भरल्या आणि पोच मिळवली. ज्या टेबलावर ती पोच मिळाली, तिथल्या संगणकाला तबकडी घालायची जागाच नाही.

बिल अर्थातच अडकले. शेरा: ‘अट ९ ची पूर्तता दिसून येत नाही.’ वाचकाने तीन पानी खुलासा दिला, त्यावर उत्तर आले की फ्लॅश बंद झाल्याबाबत संबंधित कंपनीचे प्रमाणपत्र जोडावे. मेलेल्या माणसाने स्वतःचा मृत्यूचा दाखला आणून द्यावा, तसला हा प्रकार.

हे एकट्याचे दुखणे असते तर संपादकीयाची जागा खर्च केली नसती. शिवनेरी जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आणि तेव्हापासून जुन्नर-आंबेगावात निवासवाले, कृषी पर्यटनवाले, देवस्थाने अशा सगळ्यांना संकेतस्थळ हवे झाले आहे, असे वाचक कळवतात. मागणी नवी, अटी जुन्याच. कुठल्या तरी बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आदेशाची प्रत काढायची, कामाचे नाव आणि तारीख बदलायची, सही करायची. फोनवरचे फ्लॅश अडोबीनेच नोव्हेंबर २०११ मध्ये सोडून दिले होते, म्हणजे तो मूळ आदेश लिहिला गेला तेव्हाच ही अट फोनपुरती मोडीत निघालेली असणार. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याने २०२१ मध्ये आपले फ्लॅशचे अर्ज चालावेत म्हणून चक्क स्वतःचा ब्राउझर काढला होता. जगभर हसे झाले, पण त्यांनी निदान अट पाळण्याची सोय तरी स्वतः केली. आमच्याकडे अट कचेरीची आणि सोय ठेकेदाराची.

आदेशात तंत्रज्ञानाचे नाव असूच नये, हे आता आपणच लिहून द्यायला लागले पाहिजे. काय दिसले पाहिजे, कोणत्या फोनवर आणि किती वेळात, एवढेच लिहावे. लेण्याद्रीचेच घ्या. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे धरलेली आजी खाली बसते आणि नातवाच्या फोनवर दर्शन घेते. हा फोन सहा वर्षांपूर्वीचा, साठवणीची जागा संपत आलेला. अंगारकीच्या गर्दीत नेटवर्कची रड. त्या फोनवर चित्रफीत लागली तर काम झाले. साहेबांच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर लागली याला काही किंमत नाही, पण काम तपासले जाते ते नेमके तिथेच.

आणि लेणे कॅमेऱ्याला सोपे नाही. विहारात खांब नाहीत, छत ठेंगणे, उजेड समोरच्या दारा-खिडक्यांतून येणारा तेवढाच. दार पांढरे फटक, मागची भिंत काळी, त्यात दगडाचा खरखरीत पोत. ही चौकट कमी बिटरेटवर एच.२६४ मध्ये दाबली की अंधारात चौकोन नाचू लागतात. बिटरेट वाढवावा तर तीन मिनिटांची १०८०पी चित्रफीत ५ एमबीपीएसने एकशे बारा एमबीच्या पुढे जाते. एव्ही१ इथे खरोखर उपयोगी पडतो, अंधारातल्या छटा कमी जागेत टिकवतो. पण आयफोनमध्ये त्याचे हार्डवेअर आले ते २०२३ च्या १५ प्रो पासून, आणि जुन्या अँड्रॉइडवर प्रोसेसर घाम गाळतो. म्हणून आमचे म्हणणे जुनेच आहे: सोर्सच्या यादीत एव्ही१ वर ठेवा, त्याखाली ७२०पीची एच.२६४ आणि एएसी असलेली एमपी४ ठेवाच ठेवा. ही दुसरी फाइल कंटाळवाणी आहे, २००३ च्या मानकाची आहे, आणि ती लागत नाही असा फोन शोधून आणावा लागेल. फास्टस्टार्ट विसरू नका. प्लेज-इनलाइन विसरू नका. आरतीला बटण द्या; भाविक दाबतो.

एचईव्हीसीबद्दल या महिन्यातही तीच तक्रार आहे: विश्वस्तांच्या आयफोनवरून आलेली चित्रफीत तशीच चढवली, काही फोनवर आवाज येतो आणि चित्र काळे. छायाचित्रांत एचईआयसीचे तेच. रूपांतर केल्याशिवाय चढवायचे नाही, हे किती वेळा छापायचे?

कारण दोष एकट्या कचेऱ्यांचा नाही. २०१० च्या सुमारास आपल्यापैकी अनेकांनी देवस्थानांना फ्लॅशच्या सफरी विकल्या. आज त्यांच्याकडे एसडब्ल्यूएफ आहे, एफएलए नाही; जोडलेला पॅनोरमा आहे, मूळ चौकटी नाहीत. काहींनी गूगलच्या टूर क्रिएटरवर भिस्त ठेवली, ते ३० जून २०२१ ला बंद झाले. त्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर डायनॅमिक फॉन्टचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे: एका ब्राउझरच्या भरवशावर वर्षानुवर्षे मजकूर साठवला आणि युनिकोड आल्यावर तो अक्षरांचा चिखल झाला. मूळ मजकूर ज्यांनी सांभाळला त्यांनी रूपांतर करून घेतले. बाकीच्यांनी पुन्हा टंकले किंवा सोडून दिले.

लेण्यात पुन्हा टंकता येत नाही. ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. तिवई लावायची तर परवानगी, परवानगीसाठी अर्ज, अर्जासाठी दिवस. एन्कोडिंग एका रात्रीत पुन्हा होते, चित्रीकरणाला हंगाम जातो. तरीही काम दिले की मूळ फुटेज पुसून कार्ड पुढच्या लग्नाला वापरणारेही आपल्यात आहेत, आणि तेच सर्वांत आधी फोन करून विचारतात की सफारीत सफर का फिरत नाही. (२०१९ मध्ये आलेल्या आयओएस १३ पासून फोनच्या हालचालीसाठी परवानगी मागावी लागते आणि पान एचटीटीपीएसवर हवे. मागच्याच वर्षी छापले होते.)

तेव्हा आता कामाला लागा. जुन्या हार्ड डिस्क कपाटातून काढा, सुरू होतात तोवर. एसडब्ल्यूएफ सापडली तर ‘रफल’ या मुक्त एम्युलेटरमध्ये उघडून पाहा. इंटरनेट आर्काइव्ह २०२० पासून जुने फ्लॅश त्यावरच दाखवते. निदान आत काय होते ते कळेल. मूळ फुटेज दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत देवस्थानाला द्या आणि तशी पोच घ्या. डीव्हीडीवर नको.

नवा आदेश हाती आला की सही करण्यापूर्वी वाचा. फ्लॅश, एक्सप्लोरर, आपोआप आरती असे काही दिसले तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवा, बिलाच्या वेळी नव्हे. आमच्या जुन्नरच्या वाचकाची चूक एवढीच की हसून सही केली. हरकतीचा आणि पर्यायी अटीचा नमुना या अंकात पान चारवर दिला आहे, तो तसाच उतरवून घ्या. कचेऱ्या प्रती काढतातच, तर एकदा बरी प्रत त्यांच्या हाती जाऊ दे. आणि तुमच्याकडच्या अशा आदेशांच्या प्रती, कार्यालयाचे व सही करणाऱ्याचे नाव झाकून, पंचवीस तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा.