टेस्ट लग्नाआधी नको, कॉलेजातच हवी

कॉलेजात रक्तदान शिबिर असलं की आपण रक्त देतो, बिस्किटं खातो, सर्टिफिकेट घेतो. ते रक्त पुढे कुणाला जातं? अपघात, ऑपरेशन एवढंच पटकन आठवतं. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया केंद्र आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही जन्मभर. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरंही बंद. टंचाईची झळ आधी यांनाच बसते.

हा आजार संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून येतो. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात. मज्जा जीव तोडून काम करते, हाडं रुंदावतात, प्लीहा फुगते. रक्त चढवलं की पोरगं पुन्हा खेळायला लागतं. पण प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. यकृतात, हृदयात ते साचत राहतं. म्हणून लोह उतरवणारं औषधही रोजचंच.

एकच प्रत बिघडलेली असेल तर तो 'मायनर'. हा आजार नव्हे. बहुतेकांना पत्ताही नसतो. हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं आणि उगाच लोहाच्या गोळ्या सुरू होतात! प्रश्न येतो तो दोघंही मायनर असतील तेव्हा. मग प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची खात्री नाही. सिंधी, कच्छी लोहाणा समाजांत प्रमाण जास्त आहे, म्हणजे मुलुंड-घाटकोपरच्या कितीतरी वर्गांत हा विषय घरचाच. पण मराठी आडनाव म्हणजे सुटका, असंही नाही.

एचबीए-टू ही साधी रक्तचाचणी मायनर ओळखते. लग्नाची बोलणी चालू असताना ती केली, तर रिपोर्टचा अर्थ 'नकार' असा लावला जातो, आणि डाग लागतो बहुधा मुलीलाच. म्हणून आमचं म्हणणं, एनएसएसने शिबिराच्या टेबलाशेजारीच या चाचणीचं टेबल मांडावं. दोघं मायनर निघालात म्हणून ब्रेकअप करायची गरज नाही. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. फक्त डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. आणि त्यासाठी आधी स्वतःला माहीत असावं लागतं.