सोलार सेलची परीक्षा रत्नागिरीच्या पावसात घ्या!

गणपतीच्या आरतीला लावलेला कापूर विझला की ताटात थोडी काळी काजळी उरते. तुम्ही तिच्याकडे कधी नीट बघितलंय? मी तरी नव्हतं बघितलं. पण आयआयटी मुंबईत प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कापराला कच्चा माल मानलं. भट्टीत त्याची वाफ ठरावीक तापमानाला मोडून त्यांनी कार्बन नॅनोट्यूब बनवल्या. म्हणजे कार्बनच्या नळ्या, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. कापरापासून मिळणारा कार्बन सोलार सेलमध्ये वापरता येईल का, यावरही त्यांनी काम केलं.

मी मास कॉमची विद्यार्थिनी. बारावीनंतर केमिस्ट्रीला रामराम ठोकलेला. तरी या विषयात शिरले, ते आजीच्या घरामुळे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. सोलार बसवू म्हटलं तर बघायला आलेला माणूस छपराकडे बघूनच म्हणाला, "ताई, स्लॅब असता तर लगेच केलं असतं." बरोबरच होतं त्याचं. सिलिकॉनचं एकेक पॅनेल वीस किलोच्या वर भरतं. जुने वासे, त्यावर कौलं, त्यावर ही काच आणि वर जूनचा वारा. नकोच ते!

मग हलकं, वाकणारं, एखाद्या फिल्मसारखं पसरता येणारं सोलार नाही का? आहे. त्याला ऑरगॅनिक सोलार सेल म्हणतात. इथे ऑरगॅनिक म्हणजे शेणखत नव्हे, कार्बनची रसायनं.

प्लास्टिक आणि वीज यांचं नातं रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको. रनपारला फिनोलेक्सच्या कारखान्यात पीव्हीसी बनतं. वायरीवर पीव्हीसीचं आवरण का असतं? त्यातून वीज जात नाही म्हणून. पण 1977 मध्ये शिराकावा, मॅकडिअर्मिड आणि हीगर यांनी दाखवलं की पॉलिअ‍ॅसिटिलीन नावाच्या पॉलिमरला आयोडीन दिलं की त्यातून वीज धावते. त्याआधी शिराकावांच्या लॅबमध्ये उत्प्रेरक चुकून हजारपट पडला होता आणि त्यातून चकाकणारी फिल्म तयार झाली होती. प्रॅक्टिकल फसलं म्हणून रडणाऱ्यांनी लक्षात ठेवा, या तिघांना 2000 साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

अशा पॉलिमरमध्ये एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक असतात. बेंझिन आठवतंय ना? तसंच. यांना कॉन्ज्युगेटेड पॉलिमर म्हणतात. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन आणि त्याच्या रिकाम्या जागेची जोडी तयार होते. पण ही जोडी साधारण दहा नॅनोमीटर जाईपर्यंत फुटली नाही, तर वीज मिळतच नाही. म्हणून पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ मिसळतात. तिथे नॅनोट्यूबचा विचार झाला, इलेक्ट्रॉनसाठी हायवे म्हणून! पहिले निकाल मात्र निराश करणारे होते. नळ्या बनवताना धातूसारख्या आणि अर्धवाहक अशा दोन्ही एकत्र तयार होतात आणि धातूसारख्या नळ्यांवर जमवलेली वीज वाया जाते. गंमत म्हणजे काही कॉन्ज्युगेटेड पॉलिमर अर्धवाहक नळ्यांनाच निवडून गुंडाळतात, त्यामुळे त्या वेगळ्या काढता येतात. आता नॅनोट्यूबकडे पारदर्शक, वाकणारा इलेक्ट्रोड म्हणूनही बघितलं जातं.

1986 मध्ये ऑरगॅनिक सेल जेमतेम एक टक्का प्रकाशाची वीज करत होता. आज लॅबमधले चिमुकले सेल 19 टक्क्यांच्या पुढे गेलेत. मग ते अजून आपल्या कौलांवर का नाहीत?

कारण त्यांचे दोन शत्रू आहेत, ऑक्सिजन आणि ओलावा. म्हणून ते बनवतात नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत. आणि आपल्याकडे काय आहे? वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, लोखंड खाणारा खारा वारा आणि कपाटातल्या चपलांवर येणारी बुरशी.

मला हीच आपली जमेची बाजू वाटते. पॅनेलची ठरलेली परीक्षा एका चेंबरमध्ये होते: 85 अंश तापमान, 85 टक्के आर्द्रता, 1000 तास. खाऱ्या हवेची चाचणी वेगळी असते. पण चेंबरमध्ये जुलै नसतो. ऊन, पाऊस, मीठ आणि शेवाळ एकाच आठवड्यात तिथे भेटत नाहीत. इथे भेटतात.

दाभोळ, जयगड, जैतापूर. विजेचा प्रकल्प आला की आपल्या वाट्याला एकच प्रश्न येतो, हो म्हणायचं की नाही? तो प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण तंत्रज्ञान बाहेर ठरणार आणि आपण शेवटी मत देणार, एवढीच आपली भूमिका का असावी?

ऑरगॅनिक सेल बनवणं महागडं काम आहे, ते आयआयटी किंवा पुण्याच्या एनसीएलसारख्या ठिकाणी होऊ दे. ते इथे टिकतात का, हे आपण सांगू शकतो. कॉलेजच्या गच्चीवर एक स्टँड, त्यावर नमुने, मल्टिमीटर आणि जून ते सप्टेंबर रोजची नोंद. सेल मिळाले नाहीत तर त्यांना झाकणाऱ्या फिल्मपासून सुरुवात करा, कारण ओलावा आधी तिथूनच आत शिरतो. फायनल इयरला नेटवरून उचललेल्या प्रोजेक्टपेक्षा हे कितीतरी बरं. आणि दरवर्षी ज्युनियर्सनी तीच वही पुढे चालवली, तर पाच पावसाळ्यांचा डेटा होईल.

तुम्ही म्हणाल, सिलिकॉन आहे ना स्वस्त? आहे की. ज्यांचा स्लॅब आहे त्यांनी थांबूच नये. पीएम सूर्यघर योजनेत 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं. माझं म्हणणं कौलांखाली राहणाऱ्यांसाठी आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडची लाइट गेली, ती कितीतरी गावांत बरेच दिवस आली नाही. तेव्हा मोबाइल चार्ज होईल एवढी वीज जरी छपरावर असती, तरी मुंबईतल्या चाकरमान्यांना घरचा आवाज ऐकू आला असता.

यंदाचा पावसाळा तोंडावर आलाय. गच्चीची किल्ली कुणाकडे असते, तेवढं आधी विचारून ठेवा.