पालाला हवी गावाची साक्ष

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून जवळपास 8 हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी सारा देश मदतीला धावला. कार्यकर्त्यांनी ढिगारे उपसले, संस्थांनी गावे दत्तक घेतली आणि 52 गावे नव्या जागी उभी राहिली.

त्याच जिल्ह्यात आणखी एक बेघर समाज तेव्हाही होता, आजही आहे. त्याचे घर भूकंपात पडले नाही, कारण ते कधी उभेच राहिले नव्हते. बालाघाटाच्या माळावर, वाशीसारख्या तालुक्याच्या गावाबाहेर, फाटक्या कापडाच्या पालांत पारधी आणि इतर भटक्या जमातींच्या पिढ्या सरल्या. भूकंपग्रस्ताचे नाव निदान सातबाऱ्यावर, शिधापत्रिकेवर, गावाच्या तोंडी होते. पालातल्या माणसाचे नाव मात्र अनेकदा फक्त पोलीस ठाण्याच्या दप्तरात सापडे. इंग्रजांनी 1871 साली केलेल्या कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा इतिहासजमा झाला. समाजाच्या मनातला संशय मात्र रद्द झाला नाही.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत विमुक्त-भटक्या कुटुंबांना जमीन व घरकुल देण्याची तरतूद आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 पासून चालू आहे. परंतु घरकुलासाठी जागा हवी, यादीत नाव हवे, जातीचा दाखला हवा. विमुक्त-भटक्यांच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाला कोणत्याही गावाने चार रात्रींपेक्षा अधिक टिकू दिले नाही, त्याने तो कोठून आणावा? ज्याला घर नाही त्यालाच घराचा पुरावा विचारणारी ही व्यवस्था आहे.

ही कोंडी कागदाने सुटणार नाही. ती समाजानेच फोडावी लागेल. 1993 सालीच तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या माळावर भटके विमुक्त विकास परिषदेने पालांवरच्या मुलांसाठी निवासी शाळेचे काम उभे केले. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी पालांवर जाऊन माणसे जोडली, मग मुले शाळेत आणली. प्रभुणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पण त्या कामाचा खरा धडा पुरस्काराहून मोठा आहे : विश्वास आधी, वीट नंतर.

हा धडा सुखवस्तू घरांनाही लागू आहे. दिवाळीला पालावर फराळ आणि जुने कपडे देणारे हात पुष्कळ आहेत. परंतु गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच पालाकडे वळतो, तेव्हा फराळ देणारा गप्प राहतो. ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते, तेव्हाही तो गप्पच असतो. दानाने पोट एक दिवस भरते. शेजारपणाने माणूस गावाचा होतो.

म्हणून वाशी तालुक्यातील प्रत्येक गावात चार-पाच कुटुंबांनी एका पालाची जबाबदारी घ्यावी. मुलांचे नाव शाळेत घालावे, आधार आणि शिधापत्रिकेसाठी सोबत जावे, दाखल्याच्या चौकशीत खरी माहिती सांगायला उभे राहावे आणि वसाहतीसाठी गायरानातल्या जागेचा प्रश्न ग्रामसभेत मांडावा. गायरानाचा विषय निघाला की विरोध होईल, शेजाऱ्यांचे टोमणेही ऐकावे लागतील. खरी परीक्षा तिथेच आहे. समरसता हा शब्द व्यासपीठावर सोपा आहे. ग्रामसभेत तो जड जातो.

भूकंपानंतर जो समाज अनोळखी गावासाठी ढिगारे उपसू शकला, त्याला आपल्याच शिवेवरच्या माणसासाठी एक साक्ष देणे अशक्य नाही. पालावरच्या मुलाला त्याचे गाव विचारल्यावर त्याने न अडखळता ‘वाशी’ म्हणावे, आणि ते ऐकणाऱ्या वाशीकराने मान डोलवावी. त्या दिवशी त्याच्या घराचा पाया घातला जाईल.