लेसर, चष्मा आणि आपली जबाबदारी

“वैद्यराज, घरात त्रिफळा असताना तुम्ही डोळ्यांवर लेसर का करून घेतले?” हा प्रश्न मला चामोर्शीच्या दवाखान्यात गेली बारा वर्षे विचारला जातो. विचारणाऱ्यांत रुग्णांपेक्षा व्यवसायबंधूच अधिक, म्हणून उत्तर येथेच देणे उचित वाटते.

माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पाच होता. पावसाळ्यात आलापल्लीकडच्या जंगलरस्त्याने दुचाकीवरून जाताना काच पुसावी की हँडल सांभाळावे, हे कळत नसे. अखेर नागपुरास लेसिक करून घेतले. बधिरतेचे थेंब घालून बुबुळावरील पारदर्शक पटलाचा पातळ पापुद्रा उचलतात, एक्झायमर लेसरने आतील स्तराला नवा आकार देतात आणि पापुद्रा पुन्हा बसवतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या पाट्या चष्म्यावाचून वाचल्या. तो आनंद मी नाकारणार नाही.

मात्र पुढील सहा महिनेही सांगितले पाहिजेत. पापुद्रा कापताना पटलातील सूक्ष्म चेतातंतू कापले जातात व डोळे कोरडे पडतात. मे महिन्याच्या उन्हात चंद्रपूरला गेलो की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपे. रात्री समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलये दिसत. याची पुरेशी पूर्वकल्पना मला कोणी दिली नव्हती. चाळिशी उलटताच वाचनाचा चष्मा लागला तो लागलाच. वयोमानाने भिंगाची लवचिकता घटते, ती लेसिकने थांबत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच आठवड्यात एका स्नेही वैद्यांनी नेत्रतर्पणाचा आग्रह धरला. मी तो मानला नाही. जखम भरत असताना निर्जंतुक नसलेले घृत किंवा मध डोळ्यात घालणे म्हणजे जंतुसंसर्गास आमंत्रण होय. तर्पण ही श्रेष्ठ क्रिया आहे. पण तिलाही काल आणि पात्रता आहे.

लघुदृष्टीत बहुधा नेत्रगोलाची लांबी वाढलेली असते. ती कोणत्याही थेंबाने घटत नाही, हे मान्य करण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांनी कफज लिंगनाशात शलाकेने वेधन सांगितले. जेथे शस्त्र हवे तेथे शस्त्र, ही आपलीच परंपरा आहे.

आज गडचिरोलीतील अनेक मुले पोलीस भरतीसाठी चष्मा घालवू इच्छितात. कर्ज काढून लेसर करण्यापूर्वी ती आपल्याकडे येतात. त्यांना चार गोष्टी अवश्य सांगाव्यात: वय अठराच्या पुढे असावे, नंबर किमान वर्षभर स्थिर असावा, पटलाची जाडी व आकार तपासून घ्यावा, कारण शंकूसारख्या पटलावर लेसिक घातक ठरते, आणि अशी शस्त्रक्रिया त्या भरतीत ग्राह्य आहे काय, हे आधीच लेखी विचारावे.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. “चष्मा सुटेल” असे सांगून थेंबांची बाटली विकू नये. मोतीबिंदू, काचबिंदू व अंधत्व यांवरील उपचारांच्या जाहिरातींस 1954 च्या कायद्याने मनाई आहेच. परंतु दुकानाच्या फळीवरून तोंडी दिलेले आश्वासन कोणता कायदा पकडणार? तेथे आपला विवेकच हवा. काचबिंदूचा रुग्ण थेंबांच्या भरवशावर वर्षभर घरी बसला, तर गेलेली दृष्टी परत येत नाही.

लेसर करून घेतल्याने मी कमी वैद्य झालो नाही. रुग्णाला खोटी आशा दिली असती, तर मात्र नक्कीच झालो असतो.