हिशेबतपासनिसाचा साधेपणा

बोरीवली पश्चिमेचं कोरा केंद्र म्हटलं की बहुतेकांना नवरात्रातला गरबा आठवतो. तिथेच शिंपोली रस्त्यावर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची, सी. बी. कोरा यांच्या नावाची प्रशिक्षण संस्था आहे, हे आमच्या भागातल्याही अनेकांच्या ध्यानात नसतं. साबण, अगरबत्ती असे छोटे उद्योग तिथे शिकवले जातात. तिच्यावरून जाताना मला जे. सी. कुमारप्पांची आठवण होते.

कुमारप्पा तंजावरचे, जन्म १८९२चा. लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकून त्यांनी मुंबईत ऑडिटर म्हणून जम बसवला होता. १९२९मध्ये गांधीजी भेटले आणि वाट बदलली. १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत राहून त्यांनी त्याचा कारभार सांभाळला. हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, ताडगूळ, हातकागद हे त्यांचे रोजचे विषय झाले.

पण ऑडिटर त्यांच्यातून गेला नाही, आणि मला ते जवळचे वाटतात ते म्हणूनच. साधेपणा त्यांनी पुण्याच्या खात्यात टाकला नाही. त्याचा ताळेबंद मांडला. ऊन, वारा, पुन्हा उगवणारं लाकूड, माणसाचे श्रम हे वाहतं धन. कोळसा, तेल, खनिजं हा साठा. वापरला की संपला. साठ्यावर जगणाऱ्या समाजात त्या साठ्यासाठी भांडणं आणि युद्धं होणारच, असं ते सांगत. दुसरी नोंद ग्राहकाच्या नावावर. कोकोच्या मळ्यावर मजुरांना राबवून घेतलं असेल, तर तो कोको पिणाराही त्या पापात वाटेकरी. म्हणून रोजच्या गरजेची वस्तू शक्यतो जवळ बनलेली असावी, म्हणजे ती कशी बनली हे आपल्याला पाहता येतं.

आज दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. ती आणणाऱ्या मुलाला आम्ही इमारतीच्या फाटकाशी ओटीपी सांगतो. त्याच्या पेट्रोलचा, पाठदुखीचा, चुकलेल्या जेवणाचा आकडा बिलात कुठेच नसतो. कुमारप्पांनी तो आधी शोधला असता.

सगळंच त्यांचं मला पटत नाही. हातसडीमागे घरातल्या बाईचे दंड दुखत, आणि भातगिरणीने तिला जी उसंत दिली ती मी परत मागणार नाही. आज लाकडी घाण्याचं तेल पुन्हा दुकानांत आलं आहे, बाटलीवर देखण्या चिठ्ठ्या लावून. मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या धास्तीने आम्ही ते घेतो. कुमारप्पांना त्यात गावच्या तेल्याची मिळकत हवी होती. तो तेली आमच्या खरेदीतून गळाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साठा आणि वाहतं धन यांचा तो ताळेबंद आमच्या घरांनाही लागू पडतो. सध्या बोरीवलीत जुन्या तीन-चार मजली इमारती पुनर्विकासाला जात आहेत. आमचीही जाईल. सोसायटीच्या बैठकांत सगळा वेळ चटईक्षेत्र आणि पार्किंगच्या मजल्यांवर जातो. नवी इमारत पाणी चढवायला, लिफ्ट चालवायला, रात्रभर जिने उजळायला किती वीज खाईल आणि त्यातली किती गच्चीवरच्या उन्हातून निघेल, हे कोणी विचारत नाही. करारावर सह्या होण्याआधी हा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावा, असं पत्र मी सचिवांना दिलं आहे. विकासकाकडून लेखी आकडा यायला हवा, इमारत वापरात येईल त्या पहिल्या वर्षाचा.