डास मारायचा तर पाण्यातच

पावसाळा ओसरला की संध्याकाळी धुराची गाडी गावात येते. मुले मागे धावतात, बायका खिडक्या लावून घेतात (खरे तर त्या उघड्या ठेवायच्या असतात, पण ते असो), आणि काहीतरी झाले असे सर्वांना वाटते. दोन दिवसांत डास पुन्हा हजर! साथ भडकली असता धुराचा उपयोग असतो हे आम्ही नाकारीत नाही. पण वर्षानुवर्षे केवळ धुरावर भिस्त ठेवणे म्हणजे पैसा जाळणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. धुराने फक्त उडते डास मरतात. टाकीत, करवंटीत, पोफळीच्या गळून पडलेल्या विरीत वाढणाऱ्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही, आणि आपल्या उष्ण हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

अळी मारणारा एक जंतू आहे, त्याची ओळख शेतकरी वाचकांना असायला हवी. १९७६ साली इस्राएलमधील नेगेव वाळवंटात, म्हणजे जेथे आब्राहामने विहीर खोदली त्याच मुलखात, एका डबक्यात डासांच्या अळ्या मरून पडलेल्या संशोधकांना दिसल्या. त्यातून हा जंतू हाती लागला. त्याचे लांबलचक नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. हा जंतू बीजाणू धरताना शरीरात प्रथिनांचा एक बारीक स्फटिक तयार करतो. अळी पाण्यातील कण खाताना तो स्फटिकही गिळते. तिच्या आतड्यातील रस क्षारयुक्त असतो, त्यात स्फटिक विरघळतो. मग तिचेच पाचकरस प्रथिनाचे तुकडे करतात, आणि हे तुकडे आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना भोके पाडतात. पेशी फुगून फुटतात. अळीचे खाणे थांबते आणि बहुधा एका दिवसात ती मरते. आपल्या जठरात क्षार नाही, आम्ल असते. त्यामुळे हे विष माणसाला किंवा गुराढोरांना बाधत नाही. नीट तयार केलेले बीटीआय पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातही वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नाही. टाकीत औषध टाकायला आलेल्या कामगाराला दारातूनच परत पाठविणाऱ्यांनी निदान ते औषध कोणते, एवढे तरी विचारावे.

आमचे कपाशीवाले बांधव येथे मान हलवतील. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली, आणि काही वर्षांतच गुजरातेत गुलाबी बोंडअळी तिला जुमानेनाशी झाली. डासांचेही तसेच होणार नाही कशावरून? शंका रास्त आहे. कोचीत १९९० च्या दशकात बॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जंतू वारंवार फवारला गेला, तेव्हा तेथील क्युलेक्स डास त्याला दाद देईनासे झाले. त्या जंतूची मदार मुख्यतः एकाच जोड-विषावर असते. बीटीआयमध्ये मात्र चार मुख्य विषे एकत्र असतात, आणि त्यांतील एक इतरांचा जोर वाढविते. अमेरिकेत प्रयोगशाळेत एकेकट्या विषावर वाढविलेल्या अळ्या लवकर निगरगट्ट झाल्या. चारही एकत्र दिली तेव्हा फारच थोड्या प्रमाणात. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे लोक आंधळे होत. तेथे रासायनिक औषध माश्यांना लागू पडेनासे झाले, तेव्हा १९८० च्या दशकात बीटीआयनेच काम सावरले.

गोव्यातही १९९० च्या दशकात हिवतापाच्या डासांवर बीटीआय आणि अळ्या खाणारे छोटे स्थानिक मासे यांचे प्रयोग झाले. म्हणजे ही आपल्याला अगदीच परकी गोष्ट नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. बीटीआयचा असर टिकत नाही. ऊन आणि घाण पाणी यांनी तो लवकर उतरतो. गटारात त्याचा फारसा भरवसा धरू नये. पाण्यात न चावणारे चिलटासारखे किडेही असतात, त्यांना मोठ्या मात्रेने इजा होते; म्हणून मासे-बेडूक असलेल्या तळ्यात ते उगाच ओतू नये. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अळीचा कोष झाला की तो खातच नाही, त्यामुळे त्याला हे विष लागत नाही. टाकीत स्वल्पविरामासारखे वाकडे, खालीवर उड्या मारणारे कोष दिसू लागले, म्हणजे औषधाची वेळ टळली. मग टाकी रिकामी करून घासणे एवढेच उरते.

ग्रामसभेत हा विषय आपल्याच लोकांनी काढावा. धुरावर किती खर्च झाला, आणि अळ्यांवर किती, हे दोन आकडे मागावेत. तोवर आपल्या दफनभूमीतील फुलदाण्यांकडे एकदा पाहून यावे. ऑल सोल्स डेला आपण फुले ठेवतो, आणि पाणी मात्र कित्येक दिवस तसेच राहते. तेथे बीटीआय लागत नाही, ओली वाळू भरली तरी फुले उभी राहतात.