विश्लेषण : डावखुऱ्या टेनिसपटूने रॅकेट कशी निवडावी? नदालचीच घेतली तर काय बिघडते?

तळेगाव दाभाडे, वडगाव किंवा लोणावळ्यात राहणारे एखादे डावखुरे मूल टेनिस शिकू लागले की घरात पहिला प्रश्न येतो : ‘डावखुऱ्यांची वेगळी रॅकेट मिळते का?’ दुसरा प्रश्न मुलाचा असतो. त्याला राफेल नदालची रॅकेट हवी असते. ऑनलाइन ऑर्डर दिली की दोन-चार दिवसांत ती घरी येते आणि महिनाभराने कोपर दुखायला लागते. ही वेळ कशी टाळायची?

डाव्या हाताची रॅकेट असते का?

नाही. गोल्फमध्ये डावखुऱ्यांसाठी वेगळ्या स्टिक असतात. हॉकीत तर डावखुरी स्टिक नियमातच बसत नाही. टेनिसची रॅकेट मात्र दोन्ही बाजूंनी सारखी असते. नियमांनुसार तिची लांबी २९ इंचांपेक्षा जास्त नसावी. बाजारात मिळणारी मोठ्यांची रॅकेट साधारण २७ इंचांची असते.

फरक पडतो तो फक्त मुठीवर. कारखान्यातून येणारी ग्रिपची पट्टी उजव्या हाताच्या खेळाडूच्या सोयीने गुंडाळलेली असते. तीच डाव्या हातात धरली की पट्टीच्या कडा बोटांना घासून सुटू लागतात. ती सोडून उलट दिशेने गुंडाळायची, एवढाच उपाय. दहा मिनिटांचे काम आहे, पण दुकानदाराला आपणहून सांगावे लागते.

मुठीचे मापही डाव्या हातानेच घ्यायचे. मुलाने रॅकेट डाव्या हातात धरली की अनामिकेचे टोक आणि तळहात यांच्यामध्ये उजव्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. बोट मावत नसेल तर मूठ बारीक आहे, मोकळे राहत असेल तर जाड. प्रशिक्षकाने मुठीच्या आठ कडा मोजून पकड शिकवली असेल, तर डावखुऱ्याने त्या उलट्या दिशेने मोजायच्या. चाळीस मुलांच्या तुकडीत ही गोष्ट राहून जाते, आणि मग दोष रॅकेटला दिला जातो.

मग डावखुरेपणाचा फायदा कुठे होतो?

कोर्टच्या भूमितीत. डावखुऱ्याची स्लाइस सर्व्हिस हवेत त्याच्या उजवीकडे वळते. डावीकडच्या म्हणजे ॲड कोर्टमधून ती मारली की चेंडू उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याला बॅकहँडवर खेचत थेट कोर्टबाहेर नेतो. आता गुणांचा हिशेब पाहा. ३०-४० असो, ४०-३० असो की ॲडव्हांटेज, हे सगळे गुण ॲड कोर्टमध्येच खेळले जातात. गेम वाचवण्याची वेळ येते तेव्हा डावखुऱ्याच्या हातात त्याची सर्वांत चांगली सर्व्हिस असते.

दुसरे अस्त्र म्हणजे तिरका फोरहँड. भरपूर टॉपस्पिन दिलेला हा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर येतो. रॉजर फेडररच्या एकहाती बॅकहँडला नदालने वर्षानुवर्षे असेच छळले. फेडररने २०१४ मध्ये ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ चौरस इंचांची घेतली आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत नदालला हरवले. तो विजय केवळ रॅकेटमुळे मिळाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरी मोठ्या पृष्ठभागावर उंच येणारा चेंडू चुकीचा लागण्याची शक्यता कमी होते, हे साधे विज्ञान आहे.

पुणेकरांनी हा डावा हात जवळून पाहिला आहे. महामार्गाला लागून असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात २०२० मध्ये महाराष्ट्र ओपनचे एकेरीचे विजेतेपद चेक प्रजासत्ताकाच्या डावखुऱ्या यिरी व्हेसेलीने मिळवले. आदल्या वर्षी तिथेच रोहन बोपण्णा आणि डावखुरा दिविज शरण यांनी दुहेरीचे विजेतेपद पटकावले होते.

सगळ्या डावखुऱ्यांना एकच रॅकेट चालेल?

गल्लत होते ती इथेच. डावखुरेपणा ही खेळाची शैली नाही. जिमी कॉनर्स डावखुरा होता. तो चेंडू सपाट मारायचा आणि स्टीलची विल्सन टी-२००० वापरायचा. जॉन मॅकेन्रोही डावखुरा. सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्या मॅकेन्रोच्या हातात डनलॉपची लवचिक मॅक्स २०० जी असे. नदाल बेसलाइनवरून प्रचंड टॉपस्पिन देणारा, म्हणून बॅबोलाटची एअरो मालिका. हात एकच, रॅकेटी तीन तऱ्हेच्या.

म्हणून आधी मुलाचा खेळ पाहायला हवा. तो बेसलाइनवर राहून फिरकी देत असेल तर १०० चौरस इंचांच्या आसपासचा पृष्ठभाग आणि १६ उभ्या, १९ आडव्या तारांची मोकळी जाळी उपयोगी पडते. मोकळ्या जाळीत उभ्या तारा फटक्याच्या वेळी बाजूला सरकतात आणि झटक्याने जागेवर येतात. फिरकी तिथून वाढते. सपाट आणि नेमके फटके मारणाऱ्याला १८ बाय २० ची दाट जाळी जास्त ताबा देते. नेटवर खेळणाऱ्याला डोक्याकडे हलकी, चटकन वळणारी रॅकेट बरी. स्लाइस सर्व्हिसवर ज्याची भिस्त आहे त्याने वजनापेक्षा रॅकेट डोक्यावरून किती वेगाने फिरते, ते तपासावे.

नदालची रॅकेट घेतली तर?

दुकानातली प्युअर एअरो तारांशिवाय ३०० ग्रॅमची असते. खुद्द नदाल रॅकेटच्या माथ्याला शिशाची पट्टी लावून ती आणखी जड करत असे. बारा वर्षांच्या मुलाचा खांदा ते वजन पेलत नाही. मग मूल मनगटाने रॅकेट ओढू लागते आणि दुखणे कोपरात शिरते. दुसरा धोका तारांचा. नदाल वापरत असे म्हणून पॉलिएस्टरची तार घातली जाते. ती कडक असते, तिचा ताण लवकर उतरतो आणि धक्का थेट हाताला बसतो. वाढत्या वयाच्या मुलांना मल्टिफिलामेंट किंवा साधी सिंथेटिक गट पुरते, तीही थोड्या कमी ताणाने. उंची पाच फुटांच्या आत असेल तर २७ इंचीचा हट्ट नको, २६ इंची घ्यावी.

आणखी एक गंमत. नदाल लिहितो उजव्या हाताने. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना डावखुरी फलंदाजी करते, पण तिचा चेंडू टाकायचा हात उजवा. सचिन तेंडुलकरचे याच्या उलट : लिहिणे डाव्या हाताने, फलंदाजी उजव्या. मूल जेवते कोणत्या हाताने यावरून रॅकेटचा हात ठरत नाही. ‘उजव्या हाताने धर’ ही आपल्याकडची सवय निदान कोर्टवर तरी बाजूला ठेवावी.

मावळातल्या हवामानाचा परिणाम होतो?

उंचीचा फारसा नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि टेनिसमध्ये उंचीवरचे वेगळे चेंडू १,२१९ मीटरच्या पुढे वापरतात. पाऊस मात्र हिशेबात धरावा लागतो. दमट हवेत चेंडूचे आवरण ओलावा शोषते, चेंडू जड होतो. महागडी नैसर्गिक गट या हवेत टिकत नाही. ओली ओव्हरग्रिप हातात फिरते, म्हणून पिशवीत दोन-तीन जादा ठेवाव्यात. मे महिन्यात रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवली तर उन्हाने तारांचा ताण उतरतो.

खरेदीआधी मुलाला दोन-तीन रॅकेटींनी प्रत्यक्ष खेळू द्यावे. ही सोय अकादमीनेच करायला हवी. महिन्याची फी घेणाऱ्याने चार नमुना रॅकेटी ठेवणे ही फार मोठी अपेक्षा नाही. ती सोय नसेल तर तुकडीतल्या मोठ्या मुलांची रॅकेट तासभर मागून घ्यावी. ॲड कोर्टमधून वीस स्लाइस सर्व्हिस आणि वीस तिरके फोरहँड मारून झाल्यावर हात कुठे दुखतो, हे मुलाला विचारावे. घाटमाथ्यावरची उघडी कोर्ट जून ते सप्टेंबर बहुतेक दिवस ओलीच असतात. तेव्हा शाळा उघडताना रॅकेट घेऊन ती कपाटात ठेवण्यापेक्षा दसऱ्यापर्यंत थांबले तर तोपर्यंत मुलाची उंचीही इंचभर वाढलेली असू शकते.